लिंबू पिळलेला दगड

वैनी, चार दिवसांपूर्वी तुमच्या सरणापुढं उभा राहून मी भाषण केलं. आपल्याकडे ही पद्धतच होऊन बसली आहे. अग्नी दिला की कुणीतरी पुढं होतं, 'आता सर दोन शब्द बोलतील' म्हणतं, आणि ज्याला बोलता येतं तो बोलतो. मला बोलता येतं. वीस वर्षं वर्गात तेच करतोय. तुम्ही अन्नपूर्णा होता म्हणालो, माउली होता म्हणालो, माझी आई गेल्यावर तुम्ही मला तिची उणीव भासू दिली नाही म्हणालो. बायांनी डोळ्याला पदर लावले. सरपंचांनी हात धरून सांगितलं, "सर, लय रडिवलं तुमी." मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, कारण जे बोलायचं होतं ते मी त्या दिवशीही गिळून टाकलं.

आज पाचवा दिवस. राख सावडून झाली, अस्थी गोदावरीत सोडल्या. दादा ओसरीवर बसून येईल त्याला तुमच्या आजारपणाची तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगतोय. आणि मी, तुमचा धाकटा दीर, परभणीच्या कॉलेजात पोरांना दगड शिकवणारा मास्तर, मागच्या खोलीत कोठीला पाठ लावून हे लिहायला बसलोय. मला तुमची माफी मागायची आहे. पण नुसतं 'माफ करा' तुम्हाला चालायचं नाही. कुणी अर्धवट काही सांगितलं की तुम्ही हात धुऊन मागं लागायच्या, "अवो भावजी, बुडापासून सांगा की!" तर बुडापासून सांगतो.

मी परभणीला होस्टेलवर होतो तेव्हा राणीसावरगावहून सकाळच्या एसटीने तुमचा डबा यायचा. मी स्टँडवर उभा राहून तो ड्रायव्हरकडून घ्यायचो आणि कालचा रिकामा डबा त्याच्या हातात द्यायचो. तीन पुडांचा डबा. मी भूशास्त्र घेतलंय, म्हणजे दगडांचं शिक्षण घेतोय, हे तुम्हाला कळलं, आणि पुढच्याच आठवड्यात खालच्या पुडात ठेच्याऐवजी एक दगड आला. सोबत चिठ्ठी. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं मोठं, गोल अक्षर: 'हे काय हाय? नांगराला लागलं.' मी हसलो आणि उत्तर लिहून रिकाम्या डब्यातून पाठवलं. मग ते सुरूच झालं. आठवड्याला एक तरी दगड. कधी भोकाभोकांचा मांजऱ्या, कधी लाल माती घट्ट झालेली, कधी ओढ्यातली गारगोटी. एकदा परीक्षेच्या घाईत मी 'साधा दगड आहे' एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी तोच दगड परत आला. 'साधा म्हंजी कोन्ता? नाव न्हाई का त्याला?'

नाव होतंच. लायब्ररीत दोन तास घालवून शोधावं लागलं. बाकीची पोरं परीक्षेसाठी वाचायची, मी तुमच्या चिठ्ठीला तोंड द्यायला वाचायचो. मी मास्तर झालो तो त्या डब्यामुळं. आणि बघा, त्या भाषणात मी डबा सांगितला, भाकरी सांगितली, ठेचा सांगितला. दगड नाही सांगितला. दगड सांगितला असता तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

अठरा वर्षांपूर्वी दादाने विहीर खोल करायला काढली. वरचा मुरूम आधीच संपलेला, मांजऱ्याही गेला, आता काळा फत्तर लागलेला. सुरुंग उडायचा, क्रेनची बादली वर यायची, ढिगारा पडायचा, आणि तुम्ही उन्हात डोक्यावर पदर घेऊन त्या ढिगाऱ्यात बसायच्या. बांधाला कोणता दगड, पायाला कोणता, टाकायचा कोणता, हे तुम्ही निवडायच्या. वाजवून, हातात तोलून, कधी जिभेला लावूनसुद्धा. एक दिवस बादलीतून एक पोकळी असलेला दगड आला. आत बारीक पांढऱ्या काचमण्यांचा थर, आणि त्यावर बुंदीच्या लाडवाएवढा गुळाच्या रंगाचा गोळा चिकटलेला. क्रेनवाला म्हणाला, "गारगोटी हाय, फेका." दादा म्हणाला, "घाल बांधात." तुम्ही दोघांचंही ऐकलं नाही.

तुम्ही तो टॉवेलात गुंडाळला आणि एसटीत बसून सरळ माझ्या कॉलेजात आलात. घरी नाही, कॉलेजात. एवढं काय तातडीचं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. तुम्हाला उत्तर हवं होतं. बस्स, तेवढंच. अशी घाई मी माझ्या एकाही विद्यार्थ्यात बघितलेली नाही.

त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल चाललं होतं. चाळीस पोरं आणि बाहेरून आलेले एक मोठे प्राध्यापक. नोकरीत कायम व्हायची माझी खटपट चालू होती आणि त्या माणसासमोर मी नुसता सावरून सावरून बोलत होतो. गावाकडची बोली तर जिभेला शिवूही देत नव्हतो. आणि दारात तुम्ही. पायात धुळीने पांढरी झालेली चप्पल, हातात टॉवेलचं गाठोडं, आणि चाळीस जणांना ऐकू जाईल अशी हाक, "भावजी! हे बघा तर काय गावलंय!"

खरं सांगतो वैनी, मला तुमची लाज वाटली. जिच्या डब्यावर माझी हाडं मोठी झाली तिची मला लाज वाटली. 'या, बसा' म्हणायचंही सुचलं नाही. मी दगड हातात घेतला, खिडकीकडे धरल्यासारखा केला, आणि वळून पोरांना सांगितलं, "कॅल्साइट. आपल्याकडच्या विहिरींतून गाडीभर निघतो. चुन्याचा भाऊच समजा."

तसं वाटायला कारण होतं. कॅल्साइट असा पिवळा असतोच, आपल्या खडकाच्या पोकळ्यांत सापडतोही ढिगाने. कुणीही फसेल. पण तुम्ही मान हलवली.

"न्हाई भावजी. चुन्याचा न्हाई हा."

"वैनी, मी शिकवतो हे."

"तुमी शिकविता ते ठीक हाय. पर म्या त्याच्या कपच्यावर लिंबू पिळून बघितलं. फेस न्हाई आला. आपल्या शहाबादी फरशीवर लिंबाचा थेंब पडला तर कसा लगेच फसफसतो अन् पांढरा डाग उठतो! चुन्याचीच हाय ना ती फरशी? हे तर गप पडून ऱ्हायलं. अन् फुटलंय बी येगळंच. बगा, तिकोनी तिकोनी फुटलंय."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. ते प्राध्यापकही हसले, चांगल्या मनानेच हसले असतील. आणि मी, मायला, मी त्या हसण्यावर स्वार झालो. म्हणालो, "वैनी, लिंबू पोह्यांवर पिळा. दगडाचं आम्ही बघतो."

वर्ग खळाळून हसला. तुम्हीही हसलात. पदर तोंडावर घेऊन हसलात, नेहमी घ्यायच्या तसा. म्हणालात, "बरं बाई, तुमी बघा," आणि दगड टेबलावर ठेवून, "ऱ्हाऊ द्या पोरांना दावायला," असं म्हणून दुपारच्या गाडीने परत गेलात. मी तुम्हाला चहासुद्धा पाजला नाही.

त्या टेबलावर माझ्या उजव्या हाताशी अॅसिडची बाटली होती. ड्रॉपरसकट. कॅल्साइट ओळखायची पहिली परीक्षा पहिल्या वर्षाच्या पोरालाही पाठ असते: पातळ अॅसिडचा एक थेंब टाकायचा, फसफसलं तर कॅल्साइट. लिंबातही अॅसिडच असतं. जी परीक्षा मी फळ्यावर लिहून शिकवतो ती तुम्ही घरच्या फरशीवरून शिकला होता आणि आपणहून करून आला होता. बाटलीचं बूच काढायला मला एक मिनिट लागलं नसतं. मी काढलं नाही. कारण बूच काढलं असतं तर तुमच्या बोलण्यात दम आहे हे त्या माणसासमोर कबूल केल्यासारखं झालं असतं.

तुम्ही काही मनात ठेवलं नाही. उलट त्याची गंमतच करून टाकली. मी सुट्टीला गावी आलो आणि ताटावर बसलो की तुम्ही लिंबाची फोड हातात धरून विचारायच्या, "वरणावर मी पिळू, का तुमी बघताव?" दादा हसायचा, पोरं हसायची, मी हसायचो. सात वर्षं ही गंमत चालली. दीर-भावजयीची थट्टा ती, मला गोडच वाटायची. कारण मला वाटत होतं की बरोबर मीच होतो.

मग ती परीक्षा आली. प्रॅक्टिकलला आम्ही टेबलावर दहा दगड नंबर लावून मांडतो आणि पोरांनी ओळखायचे असतात. तुमचा दगड सात वर्षं त्या दहांत होता, कॅल्साइट म्हणून. दर वर्षी पोरं पिवळा रंग बघून 'कॅल्साइट' लिहायची, कारण मी तसंच शिकवलं होतं, आणि मी बरोबरची खूण करायचो. त्या वर्षी पालमकडच्या एका मुलीने लिहिलं, 'फ्लोराइट'. खाली कारणंही दिली होती. अॅसिडने फेस नाही. हातात धरला तर कॅल्साइटपेक्षा जड. कॅल्साइटवर ओढला तर त्यावर चरा उमटतो. फुटलेल्या बाजूला त्रिकोण दिसतात.

मी लाल पेनाने फुली मारली. सवयीने. पुढचा पेपर घेतला आणि हात तिथंच थांबला. 'त्रिकोण'. तिकोनी तिकोनी फुटलंय.

दुपारचे तीन वाजले असतील. पोरं गेली होती. मी बूच काढलं आणि थेंब टाकला. थेंब तसाच बसून राहिला. दुसरा टाकला. तोही. मग त्याच्या कडेने कॅल्साइटच्या तुकड्यावर रेघ ओढली, आणि स्पष्ट चरा पडला. भिंग लावून बघितलं. त्रिकोण. सात वर्षं तो माझ्या हाताखालून जात होता आणि मी एकदा भिंग लावलं नव्हतं.

त्या मुलीचे मार्क मी दुरुस्त केले. तेवढी लाज शिल्लक होती. लेबल बदललं. रजिस्टरमध्येही 'कॅल्साइट' खोडून 'फ्लोराइट' लिहिलं. गावी फोन मात्र केला नाही.

आता तुम्हाला हवं होतं ते उत्तर देतो, वैनी. अठरा वर्षं उशिरा का होईना, पण नीट देतो.

आपलं सगळं रान ज्या काळ्या फत्तरावर बसलंय तो एके काळी लाव्हा होता, जमिनीच्या भेगांतून थरावर थर पसरलेला. त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. थंड होताना त्यातल्या वाफा अडकल्या आणि ढोकळ्याला जाळी पडते तशा पोकळ्या राहिल्या. पुढं त्या पोकळ्यांतून ऊन पाणी झिरपत राहिलं, आणि त्या पाण्यात खडकातलं काय काय विरघळलेलं. आधी पोकळीच्या भिंतीला बारीक काचमणी बसले. मग केव्हातरी पाण्यातलं कॅल्शियम, म्हणजे चुन्यात असतं तेच, आणि फ्लोरिन एकत्र आले आणि काचमण्यांवर कणाकणाने साचत गेले. त्याचा तो पिवळा गोळा. म्हणजे चुन्याचं थोडं नातं त्यात होतं, वैनी. मी अगदीच ठार चुकलो नव्हतो. हे वाचून तुम्ही म्हणाल, "बगा, अजून बी स्वतःची बाजू सोडवत न्हाई." खरंय. सोडवत नाही.

आपल्या फत्तरात फ्लोराइट फार क्वचित सापडतो. जन्मभर दगड फोडणाऱ्यांनाही दिसत नाही. तुमच्या हाताला लागला. तो मऊ असतो, चाकूने ओरखडतो, चार बाजूंनी सरळ फुटतो, म्हणून ते त्रिकोण. काही फ्लोराइट वेगळ्या प्रकारच्या जांभळ्या दिव्याखाली निळे चमकतात. आपला मी धरून बघितला, तो काही चमकला नाही. सगळे चमकत नाहीत. पोलादाच्या भट्टीत हा टाकतात, म्हणजे वितळलेली घाण पातळ होऊन वाहून जाते. ह्याच्यापासून एक अॅसिड बनतं, ते काचेलासुद्धा खातं. चांगल्या कॅमेऱ्यांच्या, दुर्बिणींच्या काही भिंगांत हा असतो. दातांच्या पेस्टमध्ये ह्यातलंच फ्लोरिन थोडंसं घालतात.

आणि दातांवरून आणखी एक. तुम्ही हसताना तोंडावर पदर घ्यायच्या, कारण तुमच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी पट्टे होते. सोनपेठकडच्या तुमच्या माहेरी बऱ्याच जणींचे तसे होते, आणि आमच्या घरात बाया म्हणायच्या की ही लहानपणी मिसरी लावत असेल. तुम्ही कधी मिसरीला शिवला नाहीत. ते पट्टे पाण्याने येतात. जमिनीखालच्या पाण्यात फ्लोरिन जास्त विरघळलं आणि ते पाणी लहानपणी पोटात गेलं की दात तसे होतात. कपचाभर दगड बघून मला हे सांगता आलं असतं. घरात चारचौघींसमोर सांगता आलं असतं, की त्या पट्ट्यांत तुमची काही चूक नाही. मला हे कॉलेजात शिकल्यापासून माहीत होतं. तुमच्याकडे बघून ते आठवावं, एवढं मी तुमच्याकडे बघितलंच नव्हतं.

आता पुढचं. हे जास्त वाईट आहे.

परीक्षेनंतर आलेल्या दिवाळीला मी गावी आलो. सांगायचं ठरवून आलो होतो. स्टँडपासून घरापर्यंत वाक्यं जुळवत आलो. ताटावर बसलो. दादा होता, पोरं होती, माझी बायको होती, दोन पाहुणे होते. तुम्ही लिंबाची फोड घेऊन आलात, हसून म्हणालात, "पिळू का भावजी? का तुमी..."

"बास झालं ना आता!" मी ताट सारलं. "किती वर्षं तेच तेच! एकदा गंमत असते. माणसाला काही किंमत ठेवाल का नाही?"

तुमचा हात तसाच पुढं. लिंबाचा रस बोटावरून गळत होता. मला तुमचा राग आला नव्हता, वैनी. तुम्ही बरोबर होता ह्याचा आला होता. पण ते तुम्हाला कसं कळणार? तुम्हाला एवढंच कळलं की गमतीगमतीत तुम्ही शिकलेल्या दिराचा अपमान करत आलात. दुपारी मी ओसरीवर एकटा बसलो होतो तेव्हा तुम्ही आलात. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिलात.

"भावजी, चुकलं माझं. म्या आडाणी, मला कळलं न्हाई कुठं थांबावं ते."

आणि मी काय म्हणालो? "जाऊ द्या, वैनी."

जाऊ द्या! मोठ्या मनाने! तुमची माफी मी घेतली. जी मी तुमच्या पायावर ठेवायची ती तुमच्याकडून घेतली, वर पंख्याखाली बसून घेतली. अकरा वर्षं झाली त्याला. त्या दिवसानंतर तुम्ही माझ्याशी कधी लिंबाची थट्टा केली नाही. दगडही कधी विचारला नाही. मी आलो की पाहुण्यासारखं वागवायच्या, 'सर जेवले का' असं पोरांना विचारायच्या. भावजीचा सर झालो मी. लोकांना वाटलं मान वाढला.

गेल्या महिन्यात तुम्हाला परभणीच्या दवाखान्यात ठेवलं. दादा जेवायला गेला की मी बसायचो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं, म्हणजे वेळ थोडा आहे हे मला ठाऊक होतं. एका दुपारी तुम्ही बराच वेळ छताकडे बघत पडलात आणि मग माझ्याकडे मान वळवली.

"भावजी, एक इचारू का? चिडायचं न्हाई मातर."

"विचारा की."

"त्या दगडाला तुमी तुमचं औषध लावून बघितलं आसंल ना कधी? फेस आला व्हता का?"

औषध म्हणजे अॅसिड. मला कळलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पलीकडची खाट रिकामी होती. दार लोटलेलं होतं. अठरा वर्षांत यापेक्षा सोपी वेळ आली नव्हती. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

"आला होता," मी म्हणालो.

का म्हणालो? शपथेवर सांगतो, मला माहीत नाही. शब्द आपसूक बाहेर पडले. तुम्ही डोळे मिटून, अगदी समजूत पटल्यासारखं म्हणालात, "मग माझं लिंबूच शिळं आसंल."

वैनी, तुम्ही ते घेऊन गेलात. तुमचं लिंबू शिळं होतं असं समजून गेलात. परीक्षा तुमची खरी होती, नजर तुमची खरी होती, हात तुमचे खरे होते, आणि तुम्ही तुमच्या लिंबाला दोष देऊन गेलात. फेस आला नव्हता. कधीच आला नव्हता. हे मी आता लिहितोय, आणि वाचायला तुम्ही नाहीत.

काल अस्थी सोडून आल्यावर मला राहवलं नाही. दादाला शेतात विहिरीकडे घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. लिंबू, बाटली, परीक्षा, दिवाळी, दवाखाना. दादाला कॅल्साइट काय आणि फ्लोराइट काय, काही फरक नाही. मला वाटलं तो म्हणेल, अरे दगडाचं काय घेऊन बसलास. म्हणावं अशी माझी इच्छाही होती. सुटलो असतो. तो विहिरीच्या काठावर बसून ऐकत राहिला. सगळं संपल्यावर त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"कॉलेजात चाळीस पोरं व्हती, तो मोठा मास्तर व्हता," तो म्हणाला. "तिथं बोललास ते मी समजू शकतो. दिवाळीला पाहुणे व्हते, ते बी समजतो. पर दवाखान्यात कोन व्हतं रे?"

मी काठावरचा एक कपचा उचलून हातात फिरवू लागलो.

"सांग की. कोन व्हतं तिथं, ज्याच्यापुढं तुला मोठं व्हायचं व्हतं?"

तुम्हीच होता, वैनी. एकट्या तुम्ही.